लाप्लासचं गणित अडलंय? मदत कशी मागायची, अगदी पहिल्यापासून

गेल्या गुरुवारी रात्री साडेदहाला शेजारच्या इमारतीतल्या मुलीचा मेसेज आला, "ताई एकच गणित राहिलंय, शनिवारी सबमिशन आहे, सोडवून द्या ना प्लीज", आणि खाली फोटो. फोटोत फक्त प्रश्न, तोही पूर्ण नाही, इनिशियल कंडिशनची ओळ अंगठ्याखाली गेलेली. मी तिला लिहिलं की तुझं पान पाठव, जेवढं केलंयस तेवढं, चुकलेलं असलं तरी चालेल. पाच मिनिटं काहीच नाही, मग उत्तर आलं, "ते खूप घाण झालंय ताई, खोडून टाकलं."

हे मी इतक्या वेळा ऐकलंय ना की आज सगळं एकदाच लिहून काढते. मी शिक्षिका नाहीये, नोकरी करते, पण रविवारी सकाळी परळमधल्या एका अभ्यासिकेत सेकंड इयर इंजिनिअरिंगची पोरं एम थ्री, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरचं गणित, घेऊन येतात त्यांच्यासोबत बसते, आणि माझं स्वतःचं मत असं झालंय की लाप्लास ट्रान्सफॉर्म (टी मधलं गणित एस मध्ये नेऊन आल्जिब्रासारखं सोडवायची पद्धत) अवघड असतो त्यापेक्षा मदत मागणं मुलांना जास्त अवघड जातं. विशेषतः जे डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला येतात त्यांना. ॲडमिशन उशिरा झाल्यामुळे पहिले काही आठवडे बुडालेले असतात, एम वन एम टू केलेलं नसतं, आणि वर्गात सगळ्यांना येतंय आपल्यालाच येत नाही असं वाटून हात वर होत नाही. तुम्ही त्यातले असाल तर हा लेख आधी तुमच्यासाठी आहे.

कोणाला विचारण्याआधी, अर्धा तास

प्रश्न वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. फोटोवरून नाही, हाताने, पूर्ण, वाय ऑफ झिरो किती, वाय डॅश ऑफ झिरो किती, टी कुठून कुठपर्यंत, सगळं. निम्म्या वेळा अडचण इथेच सापडते, कारण कॉपी करताना दोनाचा वर्ग सुटलेला असतो किंवा मायनस.

मग हे गणित कुठल्या जातीचं आहे ते ओळखा. फंक्शन दिलंय आणि त्याचा ट्रान्सफॉर्म काढायचाय का? एस मध्ये दिलंय आणि उलटं टी मध्ये यायचंय, म्हणजे इनव्हर्स? डिफरन्शियल इक्वेशन आहे का? की तो प्रकार, ज्यात प्रश्नात लाप्लासचं चिन्हच दिसत नाही, नुसतं शून्य ते इन्फिनिटी इंटिग्रल असतं. समजा शून्य ते इन्फिनिटी, ई रेज टू मायनस २टी गुणिले टी गुणिले साइन ३टी. हे बाय पार्ट्स करत बसलात तर पान भरेल आणि कुठेतरी चूक होईल, पण नीट बघितलंत तर हा टी साइन ३टी चाच लाप्लास आहे, फक्त एसच्या जागी २ बसलाय. टी साइन ३टी चा ट्रान्सफॉर्म येतो ६एस/(एस²+९)², त्यात एस = २ टाकला की १२/१६९, संपलं. ज्याला जात ओळखता आली त्याची मदत मागायची गरज बऱ्याचदा तिथेच संपते.

तिसरं, टेबल. १, टी, टी रेज टू एन, ई रेज टू एटी, साइन, कॉस, साइन हायपरबोलिक, कॉस हायपरबोलिक, आणि दोन्ही शिफ्टिंग थिअरम, एवढं एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर लिहून बॅगेत ठेवा. लोकलमध्ये उभ्याने पार्शल फ्रॅक्शन होत नाही पण टेबल पाठ होतं, डोंबिवली ते दादर रोज येणाऱ्या एका मुलाने असंच पाठ केलं, गाडी कुर्ल्याला येईपर्यंत एक चक्कर पूर्ण.

आणि एक गोष्ट मुलांना पटत नाही पण खरी आहे, लाप्लासमध्ये अडणारे बहुतेक जण लाप्लासमध्ये अडलेले नसतात. अकरावी-बारावीच्या आल्जिब्रात अडलेले असतात. एस² + ४एस + १३ चे फॅक्टर पडत नाहीत म्हणून हात थांबतो, तेव्हा ते (एस+२)² + ९ असं लिहायचं, पूर्ण वर्ग करायचा, म्हणजे ई रेज टू मायनस २टी आणि साइन ३टी समोर दिसायला लागतात. हे येत नसेल तर मदत मागताना "लाप्लास येत नाही" असं सांगू नका, "पूर्ण वर्ग करणं जमत नाही" असं सांगा, समोरचा दहा मिनिटांत शिकवेल. लाप्लास कोणी दहा मिनिटांत शिकवू शकत नाही.

मग सोडवायला घ्या, पंचवीस-तीस मिनिटं. पेनाने. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ मारा आणि खाली परत लिहा, आणि प्रत्येक ओळीला नंबर द्या, १, २, ३. ते घाण झालेलं पानच तुमच्या मदतीचं तिकीट आहे, ते फाडून टाकलंत तर समोरच्याला तुमच्या डोक्यात काय चाललंय ते कळणार कसं. डॉक्टरकडे जाताना आपण जखम पुसून, पावडर लावून जात नाही ना.

कोणाकडे जायचं

सगळ्यात आधी ट्युटोरियलची बॅच. तुमच्याच बॅचमधल्या ज्या मुलाला किंवा मुलीला कालच ते कळलंय तिच्याइतकं चांगलं कोणी सांगत नाही, कारण आपण कुठे अडखळलो होतो ते तिला अजून आठवतंय. सरांना ते आठवत नाही, त्यांना वीस वर्षं झालेली असतात.

तरी सरांकडे मॅडमकडे जाच. लेक्चर संपल्यावर दारात गाठू नका, पुढचा वर्ग उभा असतो, त्यांचं अर्धं लक्ष घड्याळात. "सर, एका गणितात तिसऱ्या स्टेपला अडलोय, दहा मिनिटं कधी मिळतील?" एवढं विचारा आणि ते सांगतील त्या वेळेला स्टाफरूमच्या बाहेर वही उघडून, ते पान काढून उभे राहा. मला स्वतःला एका कॉलेजात एकदा "एवढंही येत नाही?" असं ऐकून परत यावं लागलं होतं, आणि पुढचा महिनाभर मी कोणालाच काही विचारलं नाही, त्याचं नुकसान मलाच झालं. एकाने तसं केलं म्हणून दुसऱ्याकडे जायचं थांबवू नका. ज्यांनी मला शेवटी लाप्लासमधलाच कन्व्होल्युशन थिअरम समजावला त्या मॅडम त्याच मजल्यावर चार दारं सोडून बसायच्या.

मराठी मीडियमची मुलं इंग्रजीत विचारायच्या भीतीने गप्प बसतात. अरे मराठीत विचारा. "सर हा ई रेज टू मायनस एस बाहेर कसा आला ते कळलं नाही" हे शंभर टक्के व्यवस्थित गणिती वाक्य आहे, मुंबईत कुठलेही सर ते समजतात, आणि नाही समजले तर बोटाने ओळ दाखवा.

सीनिअर, कॉलेजची लायब्ररी, आपल्या एरियातली अभ्यासिका, हे झालंच. घर लहान असलं की अभ्यासिका फार उपयोगी पडते, नुसती शांतता म्हणून नाही तर शेजारच्या टेबलावर कोणीतरी तेच पुस्तक उघडून बसलेलं असतं म्हणून. आणि टॉपिकच पूर्ण राहिला असेल तर एका गणितासाठी दहा जणांना विचारण्यापेक्षा एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर फुकट आहेत, एक बघा, वही घेऊन बघा, दीडपट स्पीडला नाही.

मेसेज कसा लिहायचा

समजा फोनवरूनच विचारायचंय. मग असं लिहा (वायबार म्हणजे वायचा ट्रान्सफॉर्म, एच काय ते पुढे सांगते):

"ताई, डिफरन्शियल इक्वेशन आहे, वाय'' + ३वाय' + २वाय = टी × एच(टी−१), वाय(०) = ०, वाय'(०) = ०. लाप्लासने सोडवायचंय. डावी बाजू केली, (एस² + ३एस + २) वायबार आली. उजव्या बाजूला मी ई^(−एस)/एस² लिहिलं. पार्शल फ्रॅक्शन करून उत्तर आलं पण पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नाही. मला वाटतं उजवी बाजू चुकली असेल. पानाचा फोटो सोबत, ओळ ४ बघा. शनिवारी सबमिशन आहे, उद्या संध्याकाळपर्यंत सांगितलंत तरी चालेल."

बघा यात काय काय आलं. पूर्ण प्रश्न, काय केलं, कुठे गाडी अडली, स्वतःचा अंदाज, आणि किती वाजेपर्यंत हवंय. असा मेसेज आला की मी भाजी चिरता चिरता सुद्धा उत्तर देते, कारण मला फक्त ओळ ४ बघायचीये. "सोडवून द्या" असा आला की मला सगळं पहिल्यापासून बसून करावं लागतं आणि तेवढा वेळ कोणाकडेच नसतो.

टाइप करताना कंस सोडू नका. १/एस+२ असं लिहिलंत तर ते १/(एस+२) आहे की (१/एस) अधिक २, समोरच्याला कळत नाही, पहिल्याचा इनव्हर्स ई रेज टू मायनस २टी आणि दुसऱ्यात डेल्टा फंक्शन, म्हणजे एका क्षणाचा झटका, येतं, जमीन-अस्मानाचा फरक. फोटो काढताना पान खिडकीजवळ न्या, सरळ वरून काढा, ट्यूबलाइटखाली स्वतःची सावली पानावर पडते. आणि मेसेज एकाच वेळी पाच जणांना टाकला असेल तर एकाकडून उत्तर मिळाल्यावर बाकीच्यांना तसं कळवा.

आता तीच ओळ ४

हे गणित मी मुद्दाम घेतलं कारण त्या मुलीचं अगदी हेच होतं, आणि दरवर्षी निम्मी मुलं इथेच पडतात.

एच म्हणजे युनिट स्टेप, काही ठिकाणी यू लिहितात. १ च्या आधी शून्य, १ नंतर एक, म्हणजे टी = १ ला स्विच चालू झाला. बरीच मुलं हेविसाइड म्हणजे जड बाजू असं काहीतरी समजतात, पण ते माणसाचं नाव आहे. ऑलिव्हर हेविसाइड, १८५० ते १९२५, इंग्रज, सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तार खात्यासारख्या कामात ऑपरेटर म्हणून लागला आणि पुढचं सगळं स्वतःच्या बळावर शिकला. लाप्लास त्याच्या कितीतरी आधीचा, १७४९ ते १८२७, फ्रान्सचा. सर्किटची डिफरन्शियल इक्वेशन आल्जिब्रासारखी सोडवायची जी सवय आपल्याला लागलीये ती बरीचशी या हेविसाइडने वापरात आणली, आणि त्याने कुठल्याही युनिव्हर्सिटीत शिकून पदवी घेतलेली नव्हती. हे मी डिप्लोमावाल्या मुलांना आवर्जून सांगते.

तर सेकंड शिफ्टिंग थिअरम काय म्हणतो, की फंक्शन एफ(टी−ए) असेल, म्हणजे एच जेवढा सरकलाय तेवढंच फंक्शनही सरकलेलं असेल, तर ई^(−एएस) बाहेर काढा आणि एफचा साधा ट्रान्सफॉर्म घ्या. आपल्या गणितात एच(टी−१) आहे पण त्याच्यासोबत टी आहे, (टी−१) नाही! टी सरकलेलाच नाही. मुलं तिकडे बघतच नाहीत, टीचा १/एस² माहीत असतो तो लिहून मोकळे होतात.

आधी टीला (टी−१) + १ असं लिहायचं. मग उजवी बाजू झाली (टी−१) एच(टी−१) + एच(टी−१), आणि त्याचा ट्रान्सफॉर्म ई^(−एस) × (१/एस² + १/एस). दुसऱ्या तऱ्हेने लक्षात ठेवायचं तर ई^(−एस) बाहेर काढा आणि आत टीच्या जागी टी+१ टाकून त्याचा लाप्लास घ्या. दोन्ही एकच.

आता कंस एकत्र केला की (१+एस)/एस². डाव्या बाजूचे फॅक्टर (एस+१)(एस+२). भागाकार केला की एस+१ वरचा आणि खालचा कटला! वायबार = ई^(−एस) / (एस²(एस+२)). इथे मुलांचा चेहरा बघण्यासारखा असतो, कारण चुकीच्या वाटेने गेलेल्याला खाली एस², एस+१, एस+२ अशी लांबलचक गाडी ओढायला लागते.

पार्शल फ्रॅक्शन: १/(एस²(एस+२)) = −१/४ × १/एस + १/२ × १/एस² + १/४ × १/(एस+२). खात्री करायला एस = १ टाका, डावीकडे १/३, उजवीकडे −१/४ + १/२ + १/१२, तेही १/३. ही एका ओळीची चेकिंग कधीही सोडू नका, सगळ्यात जास्त मार्क मी मुलांचे इथे जाताना बघितलेत.

इनव्हर्स घेताना ई^(−एस) मुळे सगळीकडे टीच्या जागी टी−१ येतो आणि पुढे एच(टी−१) लागतो, तर वाय = एच(टी−१) × [ −१/४ + (टी−१)/२ + ई^(−२(टी−१))/४ ]. टी = १ टाका, शून्य येतं. डेरिव्हेटिव्ह काढून टी = १ टाका, १/२ वजा १/२, तेही शून्य. म्हणजे स्विच चालू झाला त्या क्षणी काही उडी मारली नाही, बरोबर आहे.

आणि आता मला सगळ्यात आवडतं ते. तुमचं चुकलेलं उत्तर फेकू नका, ते परत मूळ समीकरणात घाला. त्या मुलीने ई^(−एस)/एस² धरून काढलेलं उत्तर आम्ही डाव्या बाजूला घातलं तर टी > १ साठी टी यायच्या ऐवजी बरोब्बर टी−१ आलं. म्हणजे तिने गणित चुकवलंच नव्हतं, तिने दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर काढलं होतं, आणि कुठला प्रश्न ते उत्तरच सांगत होतं. ती दोन मिनिटं पानाकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझं पार्शल फ्रॅक्शन बरोबर होतं?" हो, अगदी बरोबर होतं. खोडून टाकलेलं पान तिने परत आठवून लिहिलं म्हणून हे कळलं.

मशीनला विचारायचं असेल तर

विचारा, मी नाही म्हणणार नाही, आता सगळेच विचारतात. फक्त क्रम सांभाळा, आधी स्वतःचं पान, मग मशीन. वोल्फ्राम अल्फा ही वेबसाइट अंतिम उत्तर देते, पायथॉनमध्ये सिम्पाय नावाची लायब्ररी फुकट आहे, त्यात लाप्लास, इनव्हर्स आणि हेविसाइड तिन्ही आहेत, कॉलेजच्या लॅबमध्येही चालतं. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं दिसलं तर लगेच घाबरू नका, साइन हायपरबोलिक आणि दोन ई-वाली पदं हे एकच असू शकतं. दोघांत टी = २ टाकून कॅल्क्युलेटरवर आकडा बघा.

एआय चॅटबॉट स्टेप छान लिहून देतात, पण चुकीची स्टेपही तेवढ्याच ठामपणे लिहितात, आणि सेकंड शिफ्टिंगमध्ये तर वर सांगितलेली चूक त्यांच्याकडूनही होऊ शकते. त्यामुळे उत्तर समीकरणात परत घालून बघितल्याशिवाय वहीत उतरवायचं नाही. अजून एक झटपट चाचणी, आपल्या नेहमीच्या फंक्शनचा ट्रान्सफॉर्म एस खूप मोठा केला की शून्याकडे जातो. जात नसेल तर एकतर डेल्टा फंक्शन आहे किंवा कुठेतरी चूक आहे.

"सोडवून दे" पेक्षा "माझी ओळ ४ बरोबर आहे का, नसेल तर फक्त इशारा दे, पुढचं सोडवू नकोस" असं मशीनलाही सांगता येतं. व्हायव्हात सर जर्नल उघडतात आणि बोट ठेवून विचारतात ही स्टेप कुठून आली, तेव्हा फोन बाहेर असतो.

मदत मिळाल्यावर

त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी कोरा कागद घ्या आणि तेच गणित परत सोडवा, न बघता. मग आकडा बदला, एच(टी−१) च्या जागी एच(टी−२) करा, उजवी बाजू ई^(−२एस) × (१/एस² + २/एस) आली पाहिजे, आणि यावेळी एस+१ कटणार नाही, त्यामुळे पार्शल फ्रॅक्शन जरा मोठं होईल, होऊ दे. वहीच्या मागच्या पानावर स्वतःच्या चुकांची यादी करा, तारीख टाकून, "टी सरकवला नाही", "कंस सोडला", "मायनस". परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकापेक्षा ते पान जास्त कामाचं असतं.

आणि ज्याने सांगितलं त्याला उत्तर जुळल्यावर एक मेसेज टाका. मला अजूनही प्रत्येक वेळी वाट बघायला होते, जुळलं की नाही जुळलं.

त्या मुलीचं शनिवारी सबमिशन झालं. रविवारी ती अभ्यासिकेत आली तेव्हा वहीत न खोडलेलं पान होतं आणि ओळ २ ला लाल गोल, गणित होतं साइन टी गुणिले एच(टी−पाय). तिने ई^(−पाय एस)/(एस²+१) लिहिलं होतं आणि पुस्तकात त्याच्या आधी मायनस होता. तो मायनस कुठून आला ते तुम्हीही काढून बघा, टीच्या जागी टी+पाय टाकून, साइनचं काय होतं ते बघा.